समुद्री कायाक मोहीम: कॅनडातून अलास्कात शिरताना पासपोर्ट दाखवायचा तरी कुणाला?

वडगावचा_नाखवा

नमस्कार मंडळी.

पुढच्या वर्षी ऐन पावसाळ्यात, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, आम्ही तिघं कायाक (वल्ह्याची अरुंद होडी) घेऊन इनसाइड पॅसेज करायचं म्हणतोय. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर बेटांच्या आडोशानं उत्तरेला जाणारा जलमार्ग. व्हँकुव्हर बेटाच्या वरच्या टोकाला सुरुवात, अलास्कातल्या जुनोला शेवट. मी बेळगावचा, दुसरा चंदगडचा, तिसरा जर्मन, पुण्यात नोकरीत ओळख झालेला. वल्हं मारायला शिकलो ते गोव्यात आणि कारवारला.

मार्ग, मुक्काम, खाणं याचं बरंच जुळत आलंय. अडलंय एका ठिकाणी. कॅनडाकडचं शेवटचं मोठं गाव प्रिन्स रुपर्ट. अमेरिकेकडचं पहिलं कस्टम कार्यालय केचिकनला. मधे दीडशे किलोमीटरच्या आसपास पाणी, जंगल आणि अस्वलं. सीमा त्या मधल्या पाण्यात. मोटरबोटवाले पहाटे निघून संध्याकाळपर्यंत केचिकन गाठतात. आम्हाला हवा धार्जिणी असली तर पाच दिवस, नसली तर देव जाणे.

नियम सांगतो, अमेरिकेत पोचल्याबरोबर हजेरी द्या. पण आम्ही रोज रात्री किनाऱ्याला लागणार! पहिल्या रात्री अलास्काच्या वाळूवर तंबू ठोकला की आम्ही घुसखोर ठरतो का? कुणी असली सीमा पाण्यातून ओलांडली असेल तर सांगा. पुस्तकी उत्तरं भरपूर मिळालीत.

शिनोळी_नाका

सीमा ओलांडायचा सराव बेळगावकराइतका कुणाला असणार बे? गोव्याहून येताना कणकुंबी नाक्यावर डिकी उघडून दाखवलीच आहे की. कोविडात कोगनोळीला आरटीपीसीआरचा कागद नाचवला. आता कायाकची डिकी उघडा.

खरं विचारायचं तर, तिकडं काजूची फेणी चालते का?

वडगावचा_नाखवा

@शिनोळी_नाका, कायाकला डिकी असते. पुढं एक, मागं एक. फेणी बसेल, पण मग तांदूळ बसणार नाही.

खानापुरी_व्हँकुव्हर

माहेर खानापूर, आता बरीच वर्षं इकडे. हा पट्टा मी आमच्या क्लबबरोबर केलाय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी नकाशातली रेघ डोक्यातून काढून टाका. रेघ ओलांडताना काहीही होत नाही. पाटी नाही, तरंगता पिंप नाही, कुणी शिट्टी मारत नाही. जीपीएस बघितलं नाही तर कळणारही नाही. तुमची सीमा म्हणजे केचिकनच्या बंदरातलं एक कार्यालय आहे, आणि तिथं पोचेपर्यंत तुमची अमेरिकेतली हजेरी लागलेली नसते. हे जे चार-पाच दिवस आहेत त्यांचीच तयारी करायची.

कॅनडातून बाहेर पडताना शिक्का वगैरे काही नाही. प्रिन्स रुपर्टहून वेन पॅसेजमधून निघायचं, वर लाक्स क्वालाम्स नावाचं आदिवासींचं गाव लागतं (जुन्या नकाशांत पोर्ट सिम्प्सन). पाणी, किराणा, शेवटचा फोन हे सगळं तिथं उरका. त्याच्या पुढं पोर्टलंड इनलेट या खाडीचं तोंड आडवं येतं. ओहोटीचं पाणी आतून जोरात बाहेर येतं आणि समोरून प्रशांत महासागराची लाट येते, कारण डिक्सन एंट्रन्स हा समोरचा रुंद जलमार्ग पश्चिमेला सताड उघडा आहे. इथं बेटांचा आडोसा संपतो. सकाळी लवकर, भरती-ओहोटीची वेळ बघून ओलांडायचं, नाहीतर बसून राहायचं. आम्ही बसून राहिलो होतो. तंबूत पत्ते कुटत, बाहेर पाऊस, अगदी जांबोटीच्या जुलैसारखा.

पलीकडं केप फॉक्स, मग ट्री पॉइंटचं दीपगृह, मग फॉगी बे. हे नाव लिहून ठेवा, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथं आहे. उत्तरेला जाणाऱ्या हळू चालीच्या लहान बोटींना एका दिवसात केचिकन जमत नाही हे अमेरिकन कस्टमला माहीत आहे. त्यामुळे आधी केचिकनच्या कार्यालयाला फोन करून परवानगी घेतली तर हजेरी लावण्यापूर्वी फॉगी बेमध्ये रात्र काढता येते. शिडाच्या बोटी, मोटरबोटी सर्रास असं करतात. मात्र परवानगी आपोआप नसते, मागावी लागते, तीही कॅनडात फोनला रेंज आहे तोवर. फॉगी बेला पोचून फोन काढाल तर तिथं फक्त धुकं.

आता कायाकवाल्याची गोची अशी की फॉगी बे ते केचिकन साठ किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे फॉगी बेनंतरही एखादी रात्र लागते. फोनवर हे स्पष्ट सांगायचं: आम्ही कायाक आहोत, तीन बोटी, अमुक रंग, पासपोर्ट क्रमांक हे, अंदाजे या या ठिकाणी थांबू, या तारखेला पोचू, उशीर झाला तर हवामानामुळे. समोरचा जे सांगेल ते ऐकायचं, त्याचं नाव आणि वेळ टिपायची. आम्ही फोन केला तेव्हा पलीकडच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, ड्रायसूट (अंगाला पाणी लागू न देणारे पोशाख) आहेत ना? पासपोर्टचं नंतर. पाणी उन्हाळ्यातही दहा-बारा अंशांचं असतं, त्यामुळे प्रश्न बरोबरच होता.

न कळवता शिरण्याचा दंड कागदोपत्री पहिल्या वेळी ५,००० डॉलर, पुढच्या वेळी १०,०००. त्यापेक्षा मोठा तोटा म्हणजे व्हिसाच्या नोंदीत लागणारा डाग.

चंदगडी_बाणा

अक्का, एकदम मुद्द्याचं लिहिलंत. (नाखव्याबरोबर जाणारा दुसरा मीच.) ते मोबाईल ॲपवरून हजेरी लागते म्हणे, मग कार्यालयात जायचं कशाला?

खानापुरी_व्हँकुव्हर

रोम नावाचं ॲप आहे, खरं आहे. पण त्याला नेट लागतं, आणि मधल्या पट्ट्यात नेट नाही. केचिकन जवळ आलं की उघडा. भारतीय पासपोर्टवर पहिल्यांदाच येत असाल तर समोरासमोर उभं राहायची तयारी ठेवाच. ओले कपडे, दाढी वाढलेली, अंगाला वास, असे सगळे त्यांच्याकडं रोज येतात. लाजू नका.

आणि घड्याळ! उन्हाळ्यात अलास्काची वेळ ब्रिटिश कोलंबियापेक्षा (प्रिन्स रुपर्टचा प्रांत) एक तास मागे असते. केचिकनचं भरतीचं कोष्टक अलास्काच्या वेळेत छापलेलं असतं. प्रिन्स रुपर्टचं घड्याळ लावून तेच कोष्टक वाचलं तर पाणी कायम तुमच्यामागं एक तास. सहा-सात मीटरची भरती असते तिकडं. तंबू खाली लावला तर रात्री झोपेत तरंगाल.

टिळकवाडी_दुसरं_गेट

मला एक कळत नाही. तुम्ही किनाऱ्याला टेकलाच नाही, बोटीतच बसून राहिलात तर? समुद्र सगळ्यांचा असतो ना?

कारवारचा_म्हातारा

बंदरखात्यात जन्म गेला, म्हणून बोलतो.

समुद्र सगळ्यांचा, पण बारा सागरी मैलांच्या बाहेर. बारा मैल म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. त्याच्या आत किनारी देशाची सत्ता. परक्या जहाजाला आतून जाऊ देतात, त्याला निर्वेध मार्गक्रमण म्हणतात, पण अट अशी की न थांबता, लवकरात लवकर निघून जायचं. मालवाहू जहाज असं जातं. कायाकवाला किनाऱ्याला चिकटून चालतो, दुपारी मॅगी करायला थांबतो, रात्री झोपायला उतरतो. त्याला ही सवलत कशी लागू होणार? टेकला की आला.

नांगर टाकणंही टेकण्यातच धरतात. अडचणीत सापडलात, वादळ आलं, कुणी आजारी पडलं, तर आसरा घ्यायचा हक्क आहे. पण ते खरंच संकट असलं पाहिजे, कंटाळा नव्हे.

शिनोळी_नाका

काका, तुमच्या कारवारात कायाक घातली तर काय होतं?

कारवारचा_म्हातारा

पोळेंच्या बाजूनं गोव्यातून आलास तर राज्याची सीमा कधी ओलांडलीस ते माशालाही कळणार नाही. रस्त्यानं आलास तर माजाळीला अबकारीवाले बाटल्या मोजतात. पण खाली बिणगा-अरगेच्या बाजूला सरकलास तर नौदलाचा कदंब तळ आहे, तिथं हटकतील. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनारी पोलीस अनोळखी बोटीला सोडत नाहीत, आणि तुमच्या कायाकवर ना नंबर ना नाव. जाण्याआधी ठाण्यावर सांगून जा. कोळ्यांनाही सांगा. पोलिसांच्या आधी त्यांनाच दिसता तुम्ही.

हिडकलचा_मासा

या विषयावर ऑस्कर स्पेक आठवला नाही तर धागा अपुरा.

जर्मन माणूस, १९३२ मध्ये उल्मजवळ डॅन्यूबमध्ये घडीची कायाक घातली. कामधंदा नव्हता, सायप्रसच्या तांब्याच्या खाणीत नोकरी शोधायला निघाला होता. सायप्रसला पोचला आणि पुढंच जात राहिला. युफ्रेटिस, इराणचं आखात, आपला पश्चिम किनारा, श्रीलंका, ब्रह्मदेश, इंडोनेशिया करत सात वर्षांनी, सप्टेंबर १९३९ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या सैबाई बेटावर उतरला. किनाऱ्यावर पोलीस उभे. अभिनंदन केलं आणि अटक केली, कारण तोवर युद्ध सुरू झालेलं आणि तो शत्रूराष्ट्राचा नागरिक. युद्ध संपेपर्यंत छावणीत. म्हणजे निघाला तेव्हा सीमा एक होती, पोचला तेव्हा दुसरी. रेघ होती तिथंच होती.

माझी खात्री आहे, आपल्या कोकण-कारवार किनाऱ्यावर कुणा कोळ्याच्या आजोबानं त्याला पाणी दिलं असणार. (पुरावा नाही, पण सात वर्षं माणूस पाण्यावाचून जगत नाही.)

त्याच वाटेनं ऑस्ट्रेलियाची सँडी रॉबसन २०११ ते २०१६ मध्ये गेली. तिला सीरिया, इराक, इराण, पाकिस्तान हे पट्टे गाळावे लागले. स्पेकला १९३० च्या दशकात जे जमलं ते आज जमत नाही, आणि त्याचं कारण लाटा नव्हेत.

सैबाईचं आणखी एक. ते बेट आहे ऑस्ट्रेलियाचं, पण पापुआ न्यू गिनीचा किनारा चारेक किलोमीटरवर दिसतो. दोन्ही देशांत १९७८ चा टॉरेस सामुद्रधुनी करार आहे, १९८५ पासून लागू. दोन्हीकडचे मूळ रहिवासी पासपोर्ट-व्हिसाशिवाय मासेमारीला, लग्नकार्याला, बाजाराला ये-जा करू शकतात. बाहेरचा कायाकवाला मात्र नाही. माझ्या मते जगातली सगळ्यात शहाणी सीमा तीच. रेघ ओढली, पण सोयरीक तोडली नाही.

टिळकवाडी_दुसरं_गेट

असलं कलम १९५६ ला कुणी घातलं असतं तर निपाणी-कागलवाल्यांचं निम्मं आयुष्य वाचलं असतं. पण महाजन आयोगानं काय केलं, तर

संपादक

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिथं १,४०० प्रतिसाद आहेत. इथं कायाक.

खानापुरी_व्हँकुव्हर

संपादक रागावू नका, पण गंमत अशी की नाखवा जिथून जाणार तिथंही सीमाप्रश्न आहे! १९०३ मध्ये लवादानं अलास्काची हद्द ठरवली. डॉल बेटाच्या केप मुझॉनपासून पोर्टलंड कॅनॉलच्या (नाव कालव्याचं, पण आहे लांब अरुंद खाडी) तोंडापर्यंत एक सरळ रेघ, तिला ए-बी रेघ म्हणतात. कॅनडा म्हणतो हीच समुद्रातली सीमा. अमेरिका म्हणते ही फक्त जमीन कुणाची ते सांगते, पाणी मध्यावर वाटायचं. रेघ अलास्काच्या किनाऱ्याला इतकी चिकटून जाते की कॅनडाचं म्हणणं मानलं तर अलास्काच्या दारातलं पाणी कॅनडाचं. सव्वाशे वर्षं होत आली, अजून तसंच आहे. सालमन पकडणाऱ्या बोटींची यावरून धरपकड झालेली आहे.

म्हणून म्हटलं, रेघ डोक्यातून काढा. ती कुठं आहे यावर त्या दोघांचंच एकमत नाही, तर तुम्ही जीपीएसवर काय बघणार?

आणि तिथूनच पोर्टलंड कॅनॉलच्या आतल्या टोकाला हायडर नावाचं अलास्काचं गाव आहे. रस्त्यानं कॅनडातून तिथं शिरताना अमेरिकेचा तपासणी नाकाच नाही. परत कॅनडात येताना मात्र कॅनडावाले विचारतात. पण ही वाट तुमच्या कामाची नाही. तिथं गेलं म्हणून केचिकनची हजेरी चुकत नाही, आणि शंभराहून जास्त किलोमीटर आत वल्हवत जावं लागतं.

वडगावचा_नाखवा

अक्का, काका, मासेभाऊ, सगळ्यांना दंडवत. एक राहिलं. आमचा जर्मन म्हणतो, मला व्हिसा लागत नाही, मी ऑनलाइन नोंद करून येतो, अडचण तुम्हा भारतीयांचीच. बरोबर का?

खानापुरी_व्हँकुव्हर

उलटं आहे! व्हिसामाफीची सवलत ठरावीक विमान आणि जहाज कंपन्यांनी येणाऱ्यांना, किंवा जमिनीवरच्या नाक्यावर. खासगी बोटीनं येणाऱ्याला ती चालत नाही, आणि कायाक ही कायद्यानं खासगी बोटच. तुमच्या पासपोर्टवर अमेरिकेचा पर्यटक व्हिसा असेल, तुम्ही चालाल. तो परत फिरेल. त्याला आत्ताच वकिलातीत मुलाखतीची वेळ घ्यायला सांगा. त्या रांगेची सवय तुम्हाला आहे, त्याला नाही.

शिनोळी_नाका

आयुष्यात पहिल्यांदा भारतीय पासपोर्ट पुढं गेला. कुंदा वाटा.

टिळकवाडी_दुसरं_गेट

एवढं लांब जायचं त्यापेक्षा धनुष्कोडीहून श्रीलंका करा की. तीस किलोमीटर. १९६६ मध्ये मिहिर सेन तिकडून इकडं पोहून आले होते.

कारवारचा_म्हातारा

पोहोणाऱ्यांना दोन्ही सरकारांची परवानगी लागते आणि सोबत बोट असते. मिहिर सेनांच्या वेळीही नौदल बरोबर होतं. १९७४ आणि १९७६ च्या करारांनी तिथं सागरी सीमा ठरली, आणि त्यानंतर किती रामेश्वरमचे मच्छीमार श्रीलंकेच्या तुरुंगात गेले ते पेपरात वाचता तुम्ही. त्या पाण्यात बिनपरवाना वल्हं मारायचं धाडस करू नका. सागर जिथं अरुंद तिथं शिक्का मिळतोच असं नाही. २०२३ मध्ये श्रीलंकेची प्रवासी बोट सुरू झाली ती नागपट्टिणमहून कांकेसंतुराईला. धनुष्कोडीहून नव्हे. भूगोल एक सांगतो, इमिग्रेशनचं टेबल दुसरीकडं असतं.

दक्षिण अमेरिकेच्या टोकालाही हेच. बीगल खाडीत अर्जेंटिनाचं उशुआया एका काठावर, चिलीचं नवारिनो बेट समोर, पाच-सहा किलोमीटर पाणी. सरळ वल्हवत गेलात तर गुन्हा. उशुआयाला निर्गमन, मग पोर्तो विल्यम्सला आगमन. पुढं चिलीच्या पाण्यात फिरायला चिलीच्या नौदलाकडून प्रस्थानपत्र हवं, कायाकलासुद्धा. १९७८ मध्ये याच खाडीतल्या बेटांवरून ते दोघे युद्धाच्या काठावर आले होते. पोपनी मध्यस्थी केली, १९८४ ला तह झाला. त्यामुळे तिथले नौसैनिक कागद मन लावून वाचतात.

हिडकलचा_मासा

काका, आपल्या तालुक्याचं पण एक लिहा की. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्यानं शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आले ती बोट म्हादेई. त्या नावाची नदी उगम पावते खानापुरात, बोट बांधली गोव्यात, नाव गेलं केप हॉर्नपर्यंत. चारच बंदरांत थांबले: ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड, दक्षिण आफ्रिका. शिडाच्या बोटीला महिनामहिना किनारा लागत नाही म्हणून सीमाही चारच. कायाकवाल्याला रोज संध्याकाळी सीमा.

चंदगडी_बाणा

सरावाचं कुणी सांगाल का? राकसकोपला बोट घालावी म्हणतोय.

टिळकवाडी_दुसरं_गेट

राकसकोपचं पाणी आम्ही पितो, बाबा. तिथं नको.

खानापुरी_व्हँकुव्हर

धरणात हात मजबूत होतील, पण लाटेतून किनाऱ्याला लागणं शिकायला समुद्रच हवा. आणि वेळापत्रक बघा: तुमची मोहीम जून-जुलैची, तेव्हा इकडं मासेमारीही बंद, समुद्र खवळलेला. म्हणजे लाटांचा सराव मेच्या मध्यापर्यंत संपवावा लागेल. तिकडं पोचल्यावर पहिले काही दिवस थंड पाण्यात उलटून परत बोटीत चढायचा सराव करा. कारवारच्या कोमट पाण्यात जे जमतं ते दहा अंशांत बोटं आखडली की जमत नाही.

खाण्याचं: ताजी फळं, भाज्या, मांस केचिकनच्या आधी संपवा. राहिलेलं सगळं विचारलं की सांगून टाका. लपवलेलं लोणचं सांगितलेल्या लोणच्यापेक्षा महाग पडतं. अस्वलाचा फवारा विमानात नेता येत नाही, तिथंच विकत घ्या. बोट भाड्याची असेल तर मालकाकडून सीमेपलीकडं न्यायची लेखी संमती घ्या.

कारवारचा_म्हातारा

आणि शेवटचं, हे कुणी सांगत नाही. तुम्ही लोक उपग्रहावरून संदेश पाठवायचं ते छोटं यंत्र नेणार. तिकडं ते हवंच. पण इथून विकत घेऊन नेऊ नका आणि येताना आणू नका. परवान्याशिवाय उपग्रह फोन किंवा तसलं संदेशयंत्र भारतात बाळगणं गुन्हा आहे. गिर्यारोहक, सायकलवाले, परदेशी पर्यटक विमानतळावर पकडले गेलेत, गोव्यातसुद्धा. अलास्काची सीमा सुखरूप ओलांडाल आणि दाबोळीला अडकाल.

वडगावचा_नाखवा

हे माहीतच नव्हतं काका. यंत्र प्रिन्स रुपर्टला भाड्यानं मिळतं का बघतो, नाहीतर अक्कांच्या क्लबमधून उसनं. जर्मनाला व्हिसाचं कळवलं, त्यानं अजून उत्तर दिलेलं नाही. केचिकनच्या कार्यालयाला आधी ईमेल करावी की थेट फोन?

खानापुरी_व्हँकुव्हर

फोन. आत्ता एकदा ओळखीपुरता, आणि लाक्स क्वालाम्सहून निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा. अलास्काच्या वेळेनं.